पहिला बाक

दहावीत शांभवी गणितातच नापास झाली आणि गावभर गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या हिंगमिरे सरांना आपल्याच लेकीशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी तीच चहा घेऊन आली.

"बाबा, एटीकेटीवर अकरावीला जाता येईल, नाहीतर आयटीआय आहे. पण मला जुलैत परत परीक्षेला बसायचंय. तुमच्या क्लासला येऊन."

"अगं, घरी शिकवतोच की मी!"

"घरी एकदा चुकलं की ओरडता. क्लासातल्या पोरांना मात्र पुन्हा पुन्हा समजावता, तेही हसून."

"ये मग उद्यापासून," सर कप खाली ठेवत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर बसली. सरांनी समीकरण सोडवून दाखवलं. तिनं भीत भीत हात वर केला.

"सर, नाही कळलं."

कपाळाला आठी पडता पडता सर थबकले. मग त्यांनी सगळा फळा पुसला.

"चल बाळा, पहिल्यापासून करू."