मेणाचा थर

टेबलावर पाच वस्तू होत्या: एक श्रवणयंत्र, त्याचा कानात बसणारा साचा आणि बॅटऱ्यांची न फोडलेली तीन पाकिटं.

"दुरुस्ती नकोय," बाई म्हणाल्या. "ह्यांचं आहे. गेले ते, चार महिने झाले."

साचे बनवणारी मुलगी हातातलं काम ठेवून थांबली. "मग काय करायचं, काकू?"

"मी बोलायला लागले की हे यंत्र काढून ठेवायचे. म्हणायचे, कान दुखतो. एकदा म्हटलं, सरळ सांगा ना, माझी कटकट नको म्हणून! नुसते हसले. मग मीही तोंडाला कुलूप लावलं. सहा वर्षं. 'जेवायला या', 'दार लावून घ्या', बस्स. तेही खुणेनं." त्यांनी पाकिटं एकावर एक नीट रचली. "बॅटऱ्या मात्र आणून ठेवायचे."

"आणि आता?"

"कान खरंच दुखत होता का, तेवढं सांग."

मुलीने कपाटातून नंबर घातलेली डबी काढली. साचा बनवण्याआधी घेतलेला कानाचा ठसा त्यात होता. गुलाबी, बोटाच्या पेराएवढा, दोन ठिकाणी वळलेला.

"हा काकांचा कान. आतून."

बाईंनी बोट पुढे केलं, आणि न लावताच मागे घेतलं.

"हे दुसरं वळण बघा, किती अरुंद आहे. साचा इथे जाड झाला तर हाडावर दाबतो. बोलताना, चावताना जास्तच." मुलीने जाडी मोजायचा कॅलिपर पुसला. "यंत्राची शिट्टी वाजू नये म्हणून आम्ही ठशावर मेणाचा एक थर देतो आणि त्यावरून साचा ओततो. एका थराने जाडी शून्य पूर्णांक चार मिलिमीटरने वाढते. तेवढं कानाला कळतही नाही."

"आणि चुकून दोन थर दिले तर?"

"दोन देत नाही कोणी."

तिने ठसा मोजला. साचा मोजला. कॅलिपर शून्यावर आणून दोन्ही पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजायला घेतलं तेव्हा बाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या.

"काय गं? बोल की."

मुलीने आकडे कागदावर लिहिले आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

दुसरं वळण. ठसा: ६.३ मिलिमीटर. साचा: ७.१ मिलिमीटर. फरक: ०.८.