डावा कान

काचेपलीकडे चारच गोष्टी होत्या. एक स्टूल, एक हेडफोन, वायरला जोडलेलं एक बटण आणि मानसिंगराव. मानसिंगरावांना गोष्टींत धरलं, कारण तेही तितकेच निश्चल होते. काचेच्या अलीकडे मशीनपाशी तपासणारी मुलगी, तिच्यामागे खुर्चीत त्यांची बायको मंदाताई आणि दाराला टेकून मुलगा समरजीत.

"अंकल, आवाज कितनी भी धीमी हो, सुनाई देते ही बटन दबाइए," मुलगी माइकमधून म्हणाली.

"टेंशन नको घेऊ आई," समरजीत कुजबुजला. "डाव्या कानात पास होणारच नाहीत ते. फिर किस्सा खतम."

मंदाताईंचीही सगळी भिस्त त्या डाव्या कानावरच होती.

बावीस वर्षं मानसिंगराव ओमानला एका गॅस प्लांटात कॉम्प्रेसरवर होते. दोन वर्षांपूर्वी कायमचे ग्वाल्हेरला परतले, ते डाव्या कानाचा पडदा फाटलेला घेऊनच. औषधं झाली. "आता कसं वाटतंय?" असं घरच्यांनी काही दिवस विचारलं, मग विचारायचंही सुटलं. सगळे त्यांच्या उजव्या बाजूने बोलायला शिकले. नव्या पोरांना शिकवायला कंपनीने पुन्हा बोलावलं, तेव्हा त्यांनी दोनदा नाही सांगितलं. गेल्या महिन्यात मात्र घरात कुणाला न विचारता हो म्हणून मोकळे झाले.

"बाबा, साठी आली आता!" समरजीत ओरडला होता.

"आली नाही, येणार आहे. आपल्या घराण्यात पेन्शन घेऊन पुन्हा लढाईवर गेलेले आहेत."

कारण म्हणून यापलीकडे एक शब्द नाही. कंपनीची अट मात्र साफ होती. प्लांटात भोंगा कुठूनही वाजेल. दोन्ही कान चांगले हवेत. म्हणून आज इंदरगंजातलं हे तपासणी केंद्र.

मंदाताई तेवढ्या डाव्या बाजूने बोलायच्या. ऐकू जायला नको असं जे जे असेल, ते तिकडे. भाजी निवडताना, चहाचा कप ठेवताना. 'रिमोट म्हणजे काय तुमची जहागीर आहे?' 'पोट बघा, पोट.' कधी तरी, 'आज बरे दिसताय हो.' बावीस वर्षं एकटीने घर ओढलेल्या बाईला एवढी चैन हवीच. एकदा मानसिंगरावांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून उंचीप्रमाणे लावले. हिंगापायी मंदाताईंनी अर्धा तास घालवला आणि त्या तिरमिरीत डाव्या कानाशी येऊन बोलून गेल्या, 'तुम्ही आलात आणि माझं घर लहान झालं.' मानसिंगराव पेपर वाचत राहिले. मंदाताईंचं मन मात्र दिवसभर खात राहिलं. ऐकू गेलं नाही हे देवाचेच उपकार, असं त्यांना वाटलं.

आणि आत्ता, आत बोलावण्याआधी, बाहेरच्या बाकावर त्या मुद्दाम डावीकडे बसल्या होत्या. समोरून सांगायला तोंड नव्हतं. "जाऊ नका," एवढंच म्हणाल्या. मानसिंगराव समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

मशीनवर एक बारीक हिरवा दिवा होता. मुलगी आवाज सोडायची तेव्हा तो पेटायचा. तिची नजर आकड्यांवर होती. मंदाताईंना मात्र दिवा आणि काचेपलीकडचा अंगठा, दोन्ही दिसत होते. दिवा, अंगठा. दिवा, अंगठा. उजवा कान संपला.

"अब लेफ्ट." मुलीने उजव्या कानात खरखर सोडली. चांगल्या कानाने चोरून ऐकू नये, म्हणून.

दिवा पेटला. अंगठा उचलला गेला आणि बटणाच्या वर थांबला.

मंदाताई खुर्चीत पुढे सरकल्या. पुन्हा दिवा. अंगठा किंचित हलला. मानसिंगरावांनी तो मुठीत घेऊन दाबून धरला.

मुलीने आवाज वाढवला. दिवा. मूठ मिटलेली. आणखी वाढवला. दिवा. मूठ मिटलेली. पण दर वेळी, दिव्याच्या बरोबरीने, त्यांची पापणी लवत होती.

म्हणजे यांनी रिमोटचं ऐकलं होतं. पोटाचं ऐकलं होतं. डब्यांच्या दिवशीचंही ऐकलं होतं, आणि त्याच आठवड्यात ते ओमानला हो म्हणाले होते. मंदाताईंनी वर पाहिलं. काचेतून मानसिंगराव त्यांच्याकडेच बघत होते. अंगठा मुठीतच होता.

"देखा? मी म्हटलं नव्हतं?" समरजीत खूश झाला.

मानसिंगराव हेडफोन काढून बाहेर आले. मुलगी त्यांच्या डावीकडे उभी होती. "अंकल, सच में? कुछ भी सुनाई नहीं दिया?"

मानसिंगरावांनी उजवा कान तिच्याकडे वळवला. "क्या बोली बेटा? इस तरफ से बोलो."

मंदाताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. मुलीने आकडे वाचून दाखवले. उजवा कान, पंचवीस डेसिबल. डावा कान, नव्वद डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही.