अँटेना

शिझुओकाच्या प्रदर्शनात ओगातांनी जोडून रंगवलेला प्लास्टिकचा रणगाडा यंदाही दुसराच आला. साखळ्यांवरचा चिखल तर असा साधला होता, की हात लावावा आणि बोट बरबटावं!

परीक्षक कुरोदा जुना दोस्त. तो वैतागून म्हणाला, "अरे बाबा, केसाएवढी अँटेना तेवढी लावत नाहीस, मला गुण कापावे लागतात. पहिला नंबर नकोय का तुला?"

"हवाय की. फार हवाय."

"मग?"

ओगातांनी वळून पाहिलं. बायको सुमिए लांब चहा ओतत होती. ते हळूच म्हणाले, "घरी माझ्या रणगाड्यांचं कपाट हीच पुसते. एकदा फडक्यात अडकून अँटेना मोडली, तर माउलीनं गुपचूप चिकटवली आणि कितीतरी दिवस माझी नजर चुकवत राहिली. मला कळलं होतं, हे तिला अजून ठाऊक नाही."