बिनफोडणीचं वरण

शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला. आकांक्षाने मुद्दाम खोल श्वास घेतला, तरी तिला मळमळलं नाही.

लग्नानंतर पहिल्यांदाच दिवस गेले होते. या वासाने तिला उलट्या व्हायला लागल्या, तेव्हापासून सासूबाईंनी घरात फोडणीच बंद केली होती. सगळे बिनफोडणीचं वरण जेवत होते.

मग मळमळ एकाएकी थांबली. आकांक्षा कोणाला न सांगता परतूरच्या दवाखान्यात जाऊन आली. सोनोग्राफीत बाळाचे ठोके नव्हते. तेव्हापासून रोज जेवायला बसताना ती सांगायचं ठरवायची आणि घासाबरोबर शब्दही गिळून टाकायची.

आज सासऱ्यांनी वरणात भाकरी कुस्करली. "नातवंड येऊ दे. इतके दिवस आळणी खाऊन राह्यलो, त्याचा बराबर हिशेब घेतो त्याच्याकडून."

"गप खा," सासूबाई हसल्या. "वर्षभर न्हाई मिळाली फोडणी, तरी काही होत न्हाई तुम्हाला."

आकांक्षाने ताट बाजूला सरकवलं आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"आत्याबाई, उद्यापासून वरणाला फोडणी टाका."