तळघरातला रविवार

वीस वर्षं मालसुनने पहाटेच्या प्रार्थनेत एकच मागणं मागितलं होतं, नवऱ्याचे पाय एकदा दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या तिच्या चर्चला लागू देत. गेल्या वर्षी देवाने ऐकलं. "माणसांत बसा जरा," असं डॉक्टरने बजावल्यावर तिचा नवरा पानसिक दर रविवारी चर्चला येऊ लागला. देवावर त्याचा विश्वास आजही तसूभर नव्हता, पण रक्तदाब उतरला, झोप लागू लागली, गप्पांना दोन दोस्त मिळाले. मालसुन मात्र चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात. वर प्रवचन रंगायचं तेव्हा खाली ती दोनशे माणसांचं सूप ढवळत असायची. गुडघे तर कधीच कामातून गेले होते.

आज जेवणाच्या रांगेत वाडगा पुढे करून पानसिक म्हणाला, "अगं, काय झकास प्रवचन झालं! येशू दोन बहिणींच्या घरी गेला. एक त्याच्या पायाशी ऐकत बसली, दुसरी आपली चुलीपाशी राबत राहिली. येशूने शाबासकी कुणाला दिली असेल?"

"कुणाला?"

"बसलेलीला!"

मालसुनच्या हातातला डाव हवेतच थांबला. "आणि मग येशू जेवला काय? की गेला तसाच उपाशी?"

"ते काही पाद्रीबाबा बोलले नाहीत बुवा. जरा तळातलं घाल." भरलेला वाडगा घेऊन तो वळला आणि मायेने म्हणाला, "तूही वर येऊन बसत जा गं एखाद्या रविवारी. तब्येतीला फार बरं असतं."