शेषेरावचं धुकं

शेषेराव अंधार असल्यापासून गावात दारं वाजवून राहिला होता. एकबी गडी गोधडीतनं बाहेर निघंना. आभाळ निरभ्र, थंडी हाडात घुसणारी. दिवस उगवायच्या आत बागेत धूर केला न्हाई तर घडाला आलेली केळी काळी पडणार. बांधावर पाचटाचे ढीग तयार होते. हातच नव्हते.

तो तसाच बागेकडं पळत आला, तर कडेला गाडी उभी. नांदेडची जोडी लग्नाआधीचे फोटो काढायला आली होती. नवरी वर्षाराणी स्वेटरात गुरफटलेली.

"स्वेटर काढा मॅडम," फोटोग्राफर हरिओम म्हणाला. "फोटोत बरं दिसत न्हाई."

तिनं काढला. बिनबाह्यांच्या गाऊनमध्ये कुडकुडायला लागली.

"आन् धुकं कुठाय?" नवरदेव सर्वेशचे दात वाजत होते. "धुक्यासाठी तर मरायला आलो इथं!"

शेषेरावचे डोळे लकाकले.

"धुकंच पाहिजे व्हय? करू की! जरा हात लावा फक्त."

मग काय! सर्वेश कोट काढून पाचट ओढायला लागला. हरिओम तोंडावर उजेड पाडायचा पांढरा पत्रा घेऊन जाळाला वारा घालू लागला. ड्रायव्हरलाबी शेषेरावनं सोडलं न्हाई.

"जाळ नको, धूर पाहिजे," वर्षाराणी ओरडली. "वरून ओला पाला टाका. वाऱ्याच्या अंगानं पेटवा आधी!"

'हुशार हाय पोरगी,' शेषेराव मनात म्हणाला, आन् दुसऱ्या बांधाकडं पळाला. "इकडं या, इकडं! ह्या कोपऱ्यात सीन लई भारी येतो!"

पांढरा धूर केळीच्या पानांखाली पसरत गेला. सगळे खोकत होते, हसत होते, हरिओम खटाखट फोटो मारत होता. शेषेरावनं एक कोपरा सोडला न्हाई. ऊन आलं तेव्हा बाग वाचली होती.

शेषेरावनं सगळ्यांना चहा पाजला. हसू दाबता दाबता त्याचे गाल दुखायला लागले. "कवाबी या लेकरांनो. आपल्याकडं धुकं फुकट."

वर्षाराणीनं हाताची काजळी गाऊनला पुसली.

"काका, बारडला माझ्या बाबांची बी केळीच हाय. त्यांचे गडी बी गोधडीतच हायत."

शेषेरावनं चहाचा कप खाली ठेवला.

"उद्या पहाटं तिथं धुकं करायचंय," ती गाडीत बसत म्हणाली. "लवकर या. आन् स्वेटर घालू नका, फोटोत बरं दिसत न्हाई."