लगेच ताबा

"बेडरूममध्ये दोन उशा लागतील," फोटोग्राफर म्हणाला. "एकच ठेवली की खोली ओकीबोकी दिसते."

घरमालकीण एजंटबाईंकडे वळली. "त्यांना सांगा, हॉलमधली त्यांची उशी आणून द्या म्हणावं."

'ते' तिच्या मागे दारातच उभे होते. त्यांनी मुकाट्यानं उशी आणली आणि एजंटबाईंच्या हातात दिली. एजंटबाईंनी ती पलंगावर ठेवली.

दोघांचा घटस्फोट ठरल्यातच जमा होता. घर विकायचं, आलेले पैसे वाटून घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. पण घर विकलं जात नव्हतं, आणि ते विकल्याशिवाय दुसरीकडे बिऱ्हाड करायची ऐपत दोघांचीही नव्हती. त्यामुळे एवढ्याशा फ्लॅटमध्ये दोन संसार चालले होते. बेडरूम तिची, हॉल त्याचा. स्वयंपाकघर सकाळी तिचं, संध्याकाळी त्याचं. एकजण बाथरूममधून बाहेर येताना दिसला की दुसरा पाठ फिरवायचा. एजंटबाई तिथं आल्या की पहिल्यांदा खिडकी उघडायच्या.

दोष बाजाराचाही होता. शहराबाहेर नवे टॉवर उभे राहिले होते आणि पोहण्याचे तलाव दाखवून गिऱ्हाइकं पळवत होते. जुन्या इमारतीतल्या फ्लॅटकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. शिवाय हल्ली लोक घर आधी अंगठ्यानं बघतात. फोटो आवडला नाही की अंगठा पुढे सरकतो. घरमालकांनी स्वतः काढलेल्या फोटोंत वाळत घातलेले कपडे होते, बादली होती आणि आरशात खुद्द घरमालक बनियनवर उभे होते. म्हणून एजंटबाईंनी हा फोटोग्राफर आणला होता.

"घर विकायचं तर इथं माणसं राहतात हे दिसता कामा नये," तो म्हणाला आणि औषधाच्या बाटल्या, चपला, टॉवेल, सगळं खोक्यात भरू लागला.

घरमालकिणीनं एजंटबाईंना स्वयंपाकघरात ओढलं. "सोडवा हो मला लवकर. माझ्या दुधावरसुद्धा यांची पाळत! उतू जायला लागलं की येऊन गॅस बंद करतात. बोलत नाहीत, नुसता बंद करतात."

बाल्कनीत घरमालकांनी गाठलं. "हिचा छळ कधी संपायचा? मला यायला उशीर झाला की पॅसेजमधला दिवा जाळत बसते. मी आत आलो की खटकन बंद. बिल वाढवायचे धंदे सगळे."

"होईल, होईल," एजंटबाई म्हणाल्या. त्यांना दोघांचंही पटत होतं.

फोटो देखणे आले. बाल्कनीत तिरपं ऊन, हॉलभर उजेड, पलंगावर शेजारी शेजारी दोन उशा. दोघं आपापल्या टोकाला उभे राहून एजंटबाईंच्या फोनमध्ये बघत राहिले.

"त्यांना विचारा," ती म्हणाली, "भिंतीचा हा रंग आपणच दिलेला ना?"

"आपणच," तो थेट तिलाच म्हणाला, आणि मग जीभ चावल्यासारखा बाल्कनीत निघून गेला.

'हवेशीर, भरपूर उजेड, लगेच ताबा' अशी जाहिरात लागली आणि फोनवर फोन सुरू झाले. माणसं घर बघायला येत, खूश होऊन जात. पुढची बोलणी सोपी जावीत म्हणून एजंटबाई त्यांचे नंबर नवराबायको दोघांनाही देत. आणि एक-दोन दिवसांत गिऱ्हाईक कळवायचं, आमचा विचार बदलला.

असं वारंवार झाल्यावर एजंटबाईंनी एका निवृत्त शिक्षिकेला खोदून विचारलं.

"घर छानच आहे हो," त्या म्हणाल्या. "पण मला फोन आला होता. भिंतींतून पाणी झिरपतं म्हणे."

"कोणाचा फोन?"

"ते सांगणार नाही असा शब्द दिलाय मी."

भिंती ठणठणीत कोरड्या होत्या. एजंटबाईंनी स्वतः हात फिरवून बघितल्या होत्या. म्हणजे दोघांपैकीच कोणीतरी घात करत होतं.

"तीच!" घरमालक भडकले. "मला सुखानं सुटू द्यायचं नाहीये तिला."

घरमालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यांच्याशिवाय कोण असणार? मी इथंच कुजावं अशी इच्छा आहे त्यांची."

एजंटबाईंनी मग सापळा लावला. एका डॉक्टरीणबाईंना फोटो बघूनच घर पसंत पडलंय, उद्या सही करतायत, असं त्यांनी दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं. अशा डॉक्टरीणबाई नव्हत्याच. डॉक्टरीणबाईंचा म्हणून घरमालकिणीला दिलेला नंबर एजंटबाईंच्याच लाल फोनचा होता, घरमालकांना दिलेला काळ्याचा. दोघं एकमेकांशी बोलतच नसल्यानं नंबर ताडून बघायचा प्रश्न नव्हता. दोन्ही फोन ऑफिसच्या टेबलावर ठेवून एजंटबाई बसल्या. शेजारी त्यांची बहीण, डॉक्टरीण होऊन.

दुपारच्या चहाला लाल फोन वाजला. बहिणीनं स्पीकर लावला.

"डॉक्टर, ते घर घेऊ नका." घरमालकिणीचा आवाज अगदी हळू होता. "फोटोंवर जाऊ नका. भिंती आतून ओल्या आहेत."

"आपण कोण?"

"शेजारीण समजा. फक्त मी सांगितलं हे तिथल्या साहेबांना कळू देऊ नका. ते बिचारे सुटायची वाट बघतायत."

फोन बंद झाला. एजंटबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्यांत पाणी आणून या बाईनं बनवलं होतं! आणि तो गरीब माणूस फुकट अडकून पडला होता. त्याला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. त्यांनी घरमालकांचा नंबर लावला.

एंगेज.

पुन्हा लावला. पुन्हा एंगेज.

"एवढं कोणाशी बोलतायत हे?" त्या चिडून बहिणीला म्हणाल्या, तोच टेबलावरचा काळा फोन वाजू लागला.